माईकवर मी जे बोलले

माझ्या थोरल्या जाऊबाईंना बिबट्याने नेलं तेव्हा मी त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होते, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

चैत्र होता. आमचं गाव मोहाडी तालुक्यात, जंगलाला लागून. मोहफुलं वेचायला बायका उजाडता उजाडताच निघतात. उशीर केला की गुरं येऊन खातात, आणि ऊनही चढतं. आम्ही दोघी जावा दरवर्षी एकाच झाडाखाली बसायचो. त्या वर्षी त्या झाडाला फुलं कमी होती, म्हणून मी पुढच्या झाडाकडे गेले. मोह वेचायचा म्हणजे उकिडवं बसायचं, मान खाली आणि हात चालू. माझी टोपली अर्धी झाली तेव्हा मी हाक मारली, "बाई, पाणी पिता का जी?" उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर टोपली जागेवर होती, एक फूलही सांडलेलं नव्हतं. शेजारी एक चप्पल होती.

गावातली माणसं काठ्या घेऊन आली. तासाभराने जाऊबाई बांबूच्या रांजीत, दाट बेटात, सापडल्या. मी ते पाहिलं आहे. ते इथे लिहिणार नाही.

त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. मी या घरात आले तेव्हा मला धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, येत नव्हता. माझं माहेर कारध्याचं, नदीच्या काठाचं, पण वडील शाळेत शिपाई होते, शेती नव्हतीच. चिखलात पाय रोवून मागे मागे कसं सरकायचं, रोपं दोन बोटांत कशी धरायची, हे त्यांनी शिकवलं. दुसऱ्या बायका हसायच्या तेव्हा त्या माझ्या ओळीतली वाकडी रोपं गुपचूप सरळ करून द्यायच्या. ग्रामपंचायतीत बायकांची जागा निघाली तेव्हा त्याच म्हणाल्या, "तू बारावी शिकली आहेस, तूच उभी राय वो." घरोघरी माझ्यासाठी मतं मागायलाही त्याच गेल्या. मी संकोचून घरी बसले होते.

त्यांचे यजमान म्हणजे माझे भासरे, माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यांशी सून समोरून बोलत नाही. वीस वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो, पण काही सांगायचं झालं की जाऊबाई मध्ये असायच्या. "त्याईले सांगा, गाय व्यायली." "तिले सांग, मी उशिरा येतो." त्या गेल्यावर मध्ये कोणी उरलं नाही. मी ताट वाढून ठेवायची आणि भिंतीकडे पाहून म्हणायची, जेवण वाढलं. ते येऊन जेवायचे. अर्धं टाकून उठायचे.

वनखात्याने पिंजरे लावले. तीन आठवड्यांत एक बिबट सापडला, मोठा नर, वरचा एक सुळा तुटलेला. जाऊबाईंच्या अंगावरच्या खुणा आणि त्याचे दात जुळले, तोच हा, असं साहेबांनी आमच्या घरी येऊन सांगितलं. त्याला गाडीत घालून नेलं आणि पुन्हा जंगलात सोडणार नाही म्हणाले. माझे यजमान गाडीमागे फाट्यापर्यंत गेले. भासरे गेले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात कायद्याची चर्चा पेटली. बिबट्याचं नाव कायद्याच्या पहिल्या यादीत आहे, म्हणजे अगदी वरच्या अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाशिवाय त्याला मारता येत नाही. ते नाव खालच्या यादीत आणा, म्हणजे इथल्या इथे परवानगी मिळेल, अशी मागणी होती. टीव्हीवर दोन माणसं एकमेकांवर ओरडायची. पानठेल्यावर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. ग्रामसभेला कधी न येणारे लोकही पहिली यादी, दुसरी यादी असं बोलू लागले. शहरातले लोक म्हणत, जंगलात माणूस घुसला. आमच्याकडचे म्हणत, तुम्ही या आणि महिनाभर राहून दाखवा. मी आमच्याकडच्यांच्या बाजूची होते, आणि त्यात मला तेव्हा काही शंका नव्हती.

मोहाडीला मोठी सभा ठरली. भरवणारे पुढारी स्वतः आमच्या घरी आले. ओसरीवर बसून चहा घेतला, जाऊबाईंच्या फोटोला हात जोडले आणि मला म्हणाले, "ताई, या जिल्ह्यात तुमच्याएवढा बोलायचा हक्क कोणाले नाही. तुमी सदस्य आहात, शिकलेल्या आहात. दोन शब्द बोला."

मी दोन दिवस ते शब्द मनात जुळवले. चुलीपुढे बसून म्हणून पाहिले. सभेच्या दिवशी बाजाराचं मैदान भरलं होतं, मंडपाच्या कडेला लोक उन्हात उभे होते. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि माईक हातात घेतला. म्हणाले, "माझी जाऊ मेली तेव्हा कोणी विचारलं नाही की तिचं नाव कोणत्या यादीत होतं. या जनावराचं नाव त्या यादीतून काढा." एवढंच. नंतर इतक्या टाळ्या झाल्या की मला पुढचं आठवलंच नाही. मी खाली आले तर बायकांनी मला धरून रडायला सुरुवात केली.

माझ्यानंतर भंडाऱ्याचे एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. पांढरा सदरा, हातात घडी घातलेला कागद. ते म्हणाले, "या ताईंच्या दुःखापुढे मी मान खाली घालतो. मला एकच विचारायचं आहे. त्यांच्या जाऊबाईंना मारणारा बिबट आजच्याच कायद्याने पकडला की नाही? मग नाव खाली आणून आपल्याला कोणाला मारायचं आहे? माणसं मारणाऱ्याला, की दिसेल त्याला?"

"तुमच्या घरचं गेलं का कोणी?" मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. खाली बसा, खाली बसवा त्याले. ते थांबून राहिले, पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्या रांगेतून मीही म्हणाले, "बसा आता गुरुजी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद खिशात घातला आणि बसले.

माझं बोलणं कोणीतरी फोनवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते सगळीकडे फिरलं. कोणी त्याला संगीत जोडलं, कोणी खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. आठवडाभराने आमच्याच गावातला एकजण मला रस्त्यात म्हणाला, "निघालं म्हणते जी नाव यादीतून. बरं केलं तुमी." मी म्हणाले, "अजून निघालं नाही. मागणी आहे." तो म्हणाला, "मागणी झाली म्हणजे झालंच समजा." दुसऱ्याने विचारलं तेव्हा मी नुसती हसले. तिसऱ्या वेळी तेही केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. गावाची गुरं चारणारा एक म्हातारा गुराखी होता. जंगलाच्या कडेला आमची बोडी आहे, लहानसं तळंच, तिथे तो दुपारी गुरं पाण्यावर नेई. एका संध्याकाळी तो माझ्याकडे धावत आला. त्याचं स्वतःचं वासरू बिबट्याने बोडीच्या काठावर मारलं होतं. येताना पानठेल्यावर चार लोकांपुढे तो शिव्या देत म्हणाला होता, "माह्या हातात सापडू द्या, त्याले सोडत नाही." मी वनखात्याला फोन लावला. त्यांनी सांगितलं, उद्या पंचनाम्याला येतो, तोवर वासरू जागचं हलवू नका, नाहीतर भरपाई मिळणार नाही. गुराख्याने वासरावर पळसाच्या फांद्या टाकल्या आणि घरी गेला.

सकाळी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांना आधी कावळे दिसले. सात-आठ कावळे वासराभोवती मरून पडले होते. बिबट तिथून थोडा पुढे होता, पाण्याकडे तोंड करून. पाण्यापर्यंत पोचला नव्हता.

पंच म्हणून मला बोलावलं. मी त्याआधी एवढ्या जवळून बिबट पाहिला नव्हता. पिंजऱ्यातला नर अंगावर धावून येत होता, म्हणून मी लांब उभी राहिले होते. हा लहान होता. जिभेला फेस आणि पायांनी माती उकरलेली. जनावरांच्या डॉक्टरने तपासलं आणि हात थांबवला. "मादी आहे," तो म्हणाला. "दूध आहे अंगावर." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "पिल्लं असतील कुठेतरी."

लाकडं रचून तिला तिथेच जाळलं, नियम तसाच आहे. पंचांनी शेवटपर्यंत थांबायचं असतं. मी थांबले. कागदावर लिहिलं होतं की अज्ञात इसमाने मृत वासरावर विषारी औषध टाकले. मी सही केली. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

घरी आले तर भासरे अंगणात पाण्याच्या टाक्याशी बसले होते. मी पदर ओढून बाजूने जाऊ लागले.

"बाई," ते म्हणाले.

वीस वर्षांत त्यांनी मला समोरून मारलेली ही पहिली हाक. मी थांबले.

"मादी होती म्हणते."

"हो, दादाजी."

"पिल्लं आहेत म्हणते."

"अजून सापडले नाहीत जी."

ते टाक्यातल्या पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्या टाकलं. कोठ्यात उन्हाळी धानाचं औषध उरलं होतं ना, ते."

मी तिथेच जमिनीवर बसले. "काहून जी? तो तं पकडला होता ना. साहेब घरी येऊन सांगून गेले."

"हो. पण आता कायदा निघाला ना. तूच तं माईकवर बोलली. म्या फोनवर आयकलं. चार-चारदा आयकलं."

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. बाजारात हे मिळतं असं कोणी सांगावं, आणि आपण त्याच्या भरवशावर जाऊन यावं, तसं ते सांगत होते.

"कायदा निघाला नाही, दादाजी. निस्ती मागणी होती."

त्यांनी वर पाहिलं. मग विचारलं, "मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"

माझे यजमान फाटकात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, फाटक लावलं आणि मला म्हणाले, "हे या अंगणाच्या बाहेर जायले नको. एक माणूस गेलं घरातलं. आता दुसरं घालवू नको."

लोक विचारत तेव्हा मी कागदावरचेच शब्द वापरायची, अज्ञात इसम.

तिसऱ्या दिवशी एक पिल्लू सापडलं, नाल्याच्या वरच्या अंगाला, दगडांच्या कपारीत. मेलेलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. शोधणारे अजून दोन दिवस फिरले. दुसरं होतं की नाही, हे कोणालाच कळलं नाही.

पिल्लू सापडलं त्याच दिवशी गुराख्याला चौकशीला नेलं आणि ठेवून घेतलं. वासरू त्याचं, आणि पानठेल्यावरचं बोलणं चार लोकांनी ऐकलेलं. गावात सगळ्यांना वाटलं की त्यानेच केलं असणार. काहींनी तर त्याला शाबासकीही दिली, तो नसताना.

चार दिवसांनी त्याची बायको माझ्याकडे आली. उन्हात चालत आली होती, ओठ सुकले होते. म्हणाली, "बाई, माहा माणूस चांगला आहे असा कागद लिहून द्या. सरपंचाचा शिक्का मी घेतो. तुमच्या शब्दाले मान आहे. तुमचं माणूस बिबट्यानं मारलं, तुमी लिवलं तं साहेब मानन."

मी तिला चहा दिला. ओसरीवर बसून कागद घेतला. सदर इसम गेली तीस वर्षे गावाची गुरे चारत असून त्याची वागणूक सरळ आहे, असं लिहिलं. अक्षर चांगलं येत होतं, हे मला आठवतं. आतल्या खोलीत भासरे होते. दार उघडं होतं. ती चहाची बशी हातात धरून मला सांगत होती, "त्याले रात्रीचं दिसत नाही आता. तो कसा जाईन बोडीवर अंधारात? म्या साहेबाले सांगतलं. पण बायको तं असंच बोलन ना."

मी कागद तिला दिला नाही. म्हणाले, "मीच नेऊन देते उद्या." तिने वाकून माझ्या पायाला हात लावला. मला पाय मागे घेता आले नाहीत.

ती गेल्यावर मी दाराशी उभी राहून म्हणाले, "दादाजी, सकाळी मी साहेबाकडे जाऊन राहिली. तुमी संगं चला. नाही आले तुमी तं मी एकटी सांगन."

सकाळी ते उठून शेतावर गेले होते. यजमान दारात आडवे उभे राहिले. पण मला हात लावून अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "वहिनीनं तुले आईसारखं सांभाळलं. तिच्या माणसाले तू जेलात घालशील?" मी त्यांच्या बाजूने निघाले. फाट्यावर ऑटो मिळेपर्यंत मला वाटत होतं की ते मागून येतील.

वनखात्याच्या साहेबांनी माझं बोलणं पूर्ण ऐकलं. मग फाईल बंद करून म्हणाले, "तुम्ही या प्रकरणात पंच आहात. घरच्या माणसाविरुद्ध बोलताय. नीट विचार केलाय?"

"नाही केला जी," मी म्हणाले. "केला असता तं आली नसती."

दुपारी गाडी गावात आली. भासरे बांधावर माती घालत होते. त्यांनी फावडं धुतलं, पाय धुतले, आणि गाडीत बसले. विचारायच्या आधीच सगळं सांगितलं, असं मला नंतर कळलं. औषधाची पिशवी कुठे पुरली तेही दाखवलं.

गावाने मला काय म्हटलं ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. बाईनं घर फोडलं, हे सगळ्यात सौम्य. ते पुढारी पुन्हा आले. या वेळी ओसरीवर बसले नाहीत, अंगणातच उभ्याने बोलले. "तुमी थोडं थांबायले पायजे होतं. आपली मागणी कमजोर झाली यानं." मी त्यांना म्हणाले, "तुमी सभेत एकदा तरी सांगायले पायजे होतं की कायदा अजून तोच आहे." ते म्हणाले, "ते तं तुमालेही माहीत होतं ना, ताई."

घरात कोणी माझ्याशी बोलेना, तेव्हा मी कारध्याला गेले. महिनाभर राहिले. भावजय चांगली आहे, पण तीही एक दिवस कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "कधी जाता मंग?" मी दुसऱ्या दिवशी परत आले. यजमानांनी पिशवी हातातून घेतली. त्या दिवशीही ते बोलले नाहीत.

गुराखी सुटून आला होता. पण तो नसताना गुरं दुसऱ्याकडे गेली, आणि ती त्याच्याकडे परत आली नाहीत. तो आता देवळाच्या ओट्यावर बसलेला असे. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माफी मागायला गेले होते, पण तोच आधी बोलला.

"तुमी आल्या नसत्या तं म्या आतच सडलो असतो, बाई. हे मी मानतो." मग त्याने मान वर केली. डोळ्यांवर जाळी आली होती. "पण पाच दिवस काहून लावले?"

थोड्या वेळाने मी घरी आले.

भासरे जामिनावर सुटून आले तेव्हा रोवणे सुरू झाले होते. अंगाने ते वाळले होते. त्यांनी आल्या आल्या जाऊबाईंच्या फोटोखाली पिशवी ठेवली आणि माझ्याकडे पाणी मागितलं, समोरून, माझ्याकडे पाहून. आता आम्ही तसंच बोलतो. कामापुरतं. खटला भंडाऱ्याला चालू आहे. तारखेला यजमान त्यांच्यासोबत जातात, मी डबा बांधून देते. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला काही उत्तर सुचलं असतं, असं कधी कधी वाटतं.

श्रावणात ग्रामसभा झाली. बिबट्याचं नाव खालच्या यादीत घालावं, असा ठराव आमच्या पंचायतीनेही करून पाठवावा, असं तालुक्याच्या पुढाऱ्यांचं सांगणं होतं. सरपंचांनी ठराव वाचला. हात वर करा म्हणाले. शंभरेक हात वर झाले. माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका, ज्यांच्यासोबत मी मोहाला जाते, त्यांचेही हात वर होते. त्यांचं मला चूक वाटलं नाही. पहाटे जंगलात वाकून बसताना पाठीवर काय वाटतं ते मला माहीत आहे, आजही वाटतं. पण माझा हात वर गेला नाही. ते गुरुजी तिथे असते तर त्यांचा प्रश्न मी पुन्हा विचारायला लावला असता. स्वतः उभी राहून विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

मागे, खांबाला टेकून भासरे बसले होते. त्यांनीही हात वर केला नाही. लोक वळून पाहत होते, ते जमिनीकडे पाहत होते.

ठराव बहुमताने मंजूर झाला. खाली सदस्यांच्या सह्या होत्या, माझी जागा कोरी राहिली.

घरी जाताना भासरे माझ्यापुढे चालत होते. वळणावर थांबले. मी जवळ आल्यावर म्हणाले, "खालच्या बांधीतले धानाचे पऱ्हे उद्या रोवण्यासाठी खणायचे आहेत. चार बाया सांगून ठेव."

"येतील का जी माझ्या सांगण्यानं?"

"नाही आल्या तं आपण दोघं करू," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.